अल्मा पॅरिशमध्ये माणसे का नाहीत?

एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा कॅनडात मंक्टनला नोकरीला आहे. उन्हाळ्यात फंडीच्या आखाताकडे फिरायला गेला असताना त्याला झाडीतली एक जमीन विकाऊ दिसली आणि भाव ऐकून तो चाटच पडला. कागद मागवले तर वर लिहिलेले: ‘पॅरिश ऑफ अल्मा, काउंटी ऑफ अल्बर्ट, प्रॉव्हिन्स ऑफ न्यू ब्रन्सविक’. गृहस्थ विचारतात, ही चर्चची जमीन आहे का? जनगणनेच्या तक्त्यात या पॅरिशची वस्ती जवळजवळ नाहीच असे दिसते, ते खरे का? आणि तिथे ग्रामपंचायतीसारखे काही असते की नाही?

मी न्यू ब्रन्सविकमध्ये बावीस वर्षे जमीनमोजणीच्या कामात आहे. अल्बर्ट काउंटीच्या रानात बुटांची बरीच झीज केली आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत अडकलेली आहेत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिले उत्तर सोपे. नाही, चर्चची जमीन नाही. वसईकडचे मराठी ख्रिस्ती ज्याला धर्मग्राम म्हणतात किंवा गोव्यात ज्याला फिर्गज म्हणतात, ते पॅरिश वेगळे. इथली पॅरिश म्हणजे नकाशावरची हद्द. आपल्या खरेदीखतात ‘मौजे अमुक, तालुका तमुक’ असल्याशिवाय दस्त पुढे सरकत नाही, तसे इथे पॅरिश आणि काउंटी. मौजे हा शब्द बोलण्यातून गेला तरी दस्तातून जात नाही. पॅरिशचेही तेच झाले आहे.

शब्द मात्र चर्चकडूनच आला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने राहिलेले हजारो लोक पराभवानंतर उत्तरेला आले आणि त्यांच्यासाठी १७८४ साली नोव्हा स्कोशियातून न्यू ब्रन्सविक वेगळा काढला. दोन वर्षांनी, १७८६ साली, कायदा करून काउंट्यांचे तुकडे पाडले. इंग्लंडात गावकारभाराचा सर्वात खालचा थर पॅरिश होता, म्हणून इथेही तेच नाव. पॅरिशला कारभारी नेमले जात: गोरगरिबांची सोय पाहणारे, रस्त्यांवर देखरेख ठेवणारे, कुंपणांचे तंटे सोडवणारे, आणि मोकाट डुकरांचा बंदोबस्त करणारेसुद्धा. या डुकरांच्या हुद्द्याचे इंग्रजी नाव इतके भारदस्त आहे की जुन्या याद्यांत पहिल्यांदा वाचले तेव्हा मला तो न्यायाधीश वाटला होता.

१८७७ पासून सगळ्या काउंट्यांना निवडून आलेली मंडळे आली आणि पॅरिशवार सभासद तिथे बसू लागले. हे चित्र १९६७ पर्यंत टिकले. लुई रोबिशो हे तेव्हाचे पंतप्रधान, प्रांताचे; इथे प्रांताच्या प्रमुखाला प्रीमियर म्हणतात. त्यांनी शाळा, दवाखाने, न्यायालये यांचा खर्च श्रीमंत-गरीब काउंट्यांवर न सोडता प्रांताकडे घेतला आणि काउंटी मंडळे मोडीत काढली. हेतू चांगला होता. गरीब काउंटीतल्या पोराला फाटकी शाळा मिळू नये, हे कोण नाकारेल? पण त्याचा एक परिणाम असा झाला की नगरपालिका किंवा गाव म्हणून नोंद नसलेल्या मुलखाला निवडून दिलेला कारभारीच उरला नाही. आग विझवण्याची सोय, कचरा, रस्त्यावरचे दिवे, सगळे प्रांताच्या अधिकाऱ्याकडून. अशा मुलखात पुढे प्रांताची साधारण तीस टक्के माणसे राहत होती. आपल्याकडे ग्रामपंचायत बरखास्त करून प्रशासक नेमतात ना, तसे. फरक इतकाच की हा प्रशासक पन्नासहून अधिक वर्षे होता.

१ जानेवारी २०२३ रोजी हे बदलले. सुमारे ३४० लहानमोठे तुकडे होते, ते एकत्र करून नव्वदच्या आसपास आणले. अल्मा नावाचे गाव, हिल्सबरो आणि रिव्हरसाइड-अल्बर्ट यांच्यासह, ‘फंडी अल्बर्ट’ या नव्या गावात गेले. जो भाग कुठल्याच गावात बसला नाही तो ग्रामीण जिल्ह्यांत घातला. म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जमिनीचा नेमका तुकडा कुठे आहे यावर ठरेल. पॅरिशला स्वतःचा सरपंच नाही, कर नाही, कचेरी नाही. आहे ती फक्त हद्द, आणि ती आजही कायद्यात शब्दांनी लिहिलेली आहे: अमुक नदीच्या मुखापासून तमुक दिशेने अमुक रेषेपर्यंत.

आता जनगणनेचा घोळ. तक्त्यात ‘अल्मा’ दोनदा होते, एकदा गाव आणि एकदा पॅरिश. पॅरिशच्या आकड्यातून गाव वगळलेले असते. अल्मा गावात २०१६ साली २१३ माणसे होती, २०२१ साली २८२. उरलेल्या पॅरिशमध्ये जवळजवळ कोणी नाही. जनगणना बरोबर आहे, आपण वाचतो तेव्हा भोपळ्याकडे पाहून दचकतो इतकेच. एवढ्या मोठ्या मुलखात माणूस का नाही, याचे सोपे उत्तर असे की पॅरिशचा बहुतेक भाग फंडी राष्ट्रीय उद्यानाने व्यापला आहे, सुमारे २०६ चौरस किलोमीटर. ते उत्तर खरे आहे. पण अपुरे आहे, कारण उद्यान १९४८ सालचे आणि पॅरिश १८५५ ची. मधल्या काळात तिथे घरे होती, शाळा होत्या, गिरण्या होत्या.

नावापासून सुरू करतो, कारण मराठी माणसाला त्यात गंमत आहे. १७८६ च्या कायद्यात इथे होपवेल नावाची एक अवाढव्य पॅरिश होती. तिच्यातून हार्वे निघाली आणि हार्वेतून अल्मा. १७८६ साली ही काउंटीही नव्हती. अल्बर्ट काउंटी १८४५ साली वेस्टमोरलंडमधून फोडली आणि राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याचे नाव तिला दिले. अल्मा हे नाव १८५४ च्या क्रिमियन युद्धातले. अल्मा नदीकाठी इंग्रज-फ्रेंच फौजांनी रशियनांना हटवले त्याची बातमी ताजी होती, आणि त्या सुमारास जगभरच्या इंग्रजी मुलखात जे जे नवे निघाले त्याला अल्मा म्हणण्याची साथच आली होती.

शेजारच्या दोन पॅरिशी मात्र थेट आपल्या इतिहासात शिरतात. हार्वे हे नाव सर जॉन हार्वे यांचे. १८३७ ते १८४१ या काळात ते न्यू ब्रन्सविकचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. तरुणपणी ते हिंदुस्थानात लष्करी अधिकारी होते, आणि १८०६ साली त्यांनी लग्न केले ते लॉर्ड लेकच्या मुलीशी. हा लेक म्हणजे १८०३ साली दिल्ली आणि लासवारीला शिंद्यांच्या फौजांशी लढलेला सेनापती. उत्तरेला लागून असलेली पॅरिश एल्गिन. लॉर्ड एल्गिन कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. पुढे ते हिंदुस्थानचे व्हॉइसरॉय झाले आणि १८६३ साली धरमशाळेला वारले, तिथेच त्यांची कबर आहे. त्यांचा मुलगा १८४९ साली मॉन्ट्रियलला जन्मला आणि तोही व्हॉइसरॉय झाला. पुण्यात प्लेग आला, रँडचा खून झाला, तेव्हाचा व्हॉइसरॉय तो हाच. एल्गिनच्या रानात साखळी ओढताना मला हे आठवते आणि बरोबरचा कॅनेडियन मदतनीस विचारतो, हसतोस का म्हणून.

साखळीवरून आठवले. इथल्या जुन्या सरकारी दानपत्रांत अंतरे साखळीत दिलेली असतात, गुंटरची ६६ फुटी साखळी. तिच्या निम्मी म्हणजे ३३ फुटी साखळी मुंबई इलाख्याच्या मोजणीत वापरली गेली, तिचे सोळा आणे पाडले, आणि ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट हा आपला गुंठा झाला. चाळीस गुंठ्यांचा एकर या हिशेबानेच जुळतो. तेव्हा तुमच्या मुलाच्या कागदावर ‘चेन’ दिसली तर बिचकू नका, ती गुंठ्याची आईच आहे.

दिशा मात्र फसवतात. जुन्या दानपत्रात ‘त्या साली होकायंत्राने’ अशी दिशा लिहिलेली असते. होकायंत्राचे उत्तर आणि खरे उत्तर यांत या भागात आज सतराएक अंशांचा फरक आहे, आणि हा फरक दर काही वर्षांनी सरकत राहतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी १८५०-६० च्या सुमाराच्या एका कागदावरची रेघ आजच्या फरकाने काढली. एका मैलाला एका अंशाची चूक म्हणजे सुमारे अठ्ठावीस मीटर. माझी रेघ एका म्हातारबाबांच्या सरपणाच्या कोठारातून गेली. ते काही बोलले नाहीत. बाहेर आले, माझ्या खुंटीकडे पाहिले, आणि रानात शंभर पावले आत नेऊन एका दगडाच्या राशीवर पाय ठेवून उभे राहिले. मूळ कोपरा तो होता. तेव्हापासून मी आधी माणसाला विचारतो, मग यंत्र लावतो. अल्मा पॅरिशमध्ये अडचण हीच की विचारायला माणूस नाही.

जमिनीचा पोत सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. मंक्टनहून ११४ क्रमांकाच्या रस्त्याने ऐंशीएक किलोमीटर आले की अल्मा. गाव समुद्रसपाटीला, आणि त्याच्या मागे एकदम तीनशे मीटरच्या आसपास उंचीचे पठार, कॅलेडोनिया डोंगररांग. खडक साठ कोटी वर्षांहून जुना. माथा सपाट आणि थंड. नद्यांनी त्याला उभे चिरलेले. उन्हाळ्यात आखाताचे पाणी इतके गार असते की किनाऱ्यावर धुके चढते आणि दुपारपर्यंत हलत नाही. लाल स्प्रूस, फर आणि बर्च यांना ते मानवते, गव्हाला नाही. माती पातळ आणि आंबट. पूर्वेला शेपडीच्या पाणथळ किनाऱ्यावर फ्रेंच अकेडियन लोकांनी १७०० च्या सुमारापासून बांध घालून समुद्राकडून सुपीक जमीन मिळवली होती. १७५५ साली इंग्रजांनी त्यांना हाकलले, मग त्या बांधांमागे इंग्रजी बोलणारे आले. आपल्या कोकणातली खारभूमी म्हणा. अल्म्याला तसा दलदलीचा किनाराच नाही, सरळ कडे आहेत. म्हणून वस्ती उशिरा आली, एकोणिसाव्या शतकात, आणि ती शेतीसाठी नव्हे तर लाकडासाठी आली.

भरती-ओहोटी हा इथला खरा धनी. फंडीच्या आखाताची लांबी-खोली अशी जमली आहे की त्यातले पाणी स्वतःच्या लयीने हेलकावते तो वेळ साधारण तेरा तास, आणि समुद्राची भरती येते दर साडेबारा तासांनी. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का मिळावा तसे होते. मुंबईला भरती-ओहोटीतला फरक पाचएक मीटर. अल्म्याला तो बारा मीटरच्या आसपास जातो आणि आखाताच्या टोकाला, नोव्हा स्कोशियाच्या बाजूला, सोळा मीटरपर्यंत. ओहोटीला अल्म्याच्या धक्क्यावर उभे राहिले तर मासेमारी नौका खाली चिखलात बसलेल्या दिसतात, शिडीने उतरावे लागते. सहा तासांनी त्याच नौका डोळ्यांच्या रेषेत.

या पाण्यावर गिरण्या चालल्या. नद्या डोंगरातून ओंडके खाली आणत, मुखाशी धरण आणि लाकूड चिरायची गिरणी, आणि भरतीला जहाज धक्क्याला लागे. पॉइंट वुल्फ हे त्यातले ठळक ठिकाण: गिरणी, मजुरांची घरे, शाळा, दुकान, सगळे एका खोऱ्यात. डोंगरावर हेस्टिंग्ज नावाची शेतकरी वस्ती होती. बटाटे, गवत, चार गुरे आणि हिवाळ्यात लाकूडतोड. अशा घरांचा हिशेब कधीच शेतीवर बसत नाही. गिरणी चालली तर घर चालते. मोठी झाडे संपत आली, लाकडाचा बाजार पडला, पोरे अमेरिकेच्या मेन आणि मॅसॅच्युसेट्सकडे गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इथली वस्ती ओसरू लागली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. सगळे खापर उद्यानावर फोडणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पण जाणाऱ्यांत एक नाव राहिले. मॉली कूल, जन्म १९१६, अल्मा. बापाचे ‘जीन के’ नावाचे सपाट तळाचे मालवाहू जहाज होते. सपाट तळ का, तर ओहोटीला चिखलावर न कलंडता बसता यावे. इथे टोकदार तळाचे जहाज म्हणजे रोज दोनदा आडवे पडणार. मॉली त्यावर वाढली आणि १९३९ साली तिने कप्तानाची परीक्षा दिली. उत्तर अमेरिकेतली पहिली नोंदलेली स्त्री कप्तान. पास झाल्यावर तिने घरी तार केली, आता मला कप्तान म्हणा, अशा अर्थाची. २००९ साली ती मेनमध्ये वारली. तिचे लहानपणीचे घर आता उद्यानात आणून ठेवले आहे, आणि कॅनडाच्या तटरक्षक दलाच्या एका बर्फफोड्या जहाजाला तिचे नाव आहे. अडीचशे-तीनशे माणसांच्या गावाला हे पुष्कळ झाले. शेजारच्या होपवेलकडे तर कॅनडाचा पंतप्रधानच आहे: आर. बी. बेनेट, १९३० ते १९३५. महामंदीचा पंतप्रधान, त्यामुळे त्याची फुशारकी जरा बेतानेच मारतात.

आता उद्यान. तिसाच्या दशकात शेजारच्या प्रांतांना राष्ट्रीय उद्याने मिळाली: नोव्हा स्कोशियाला केप ब्रेटन १९३६ साली, प्रिन्स एडवर्ड बेटाला १९३७ साली. न्यू ब्रन्सविक हात चोळत राहिला. युद्ध संपल्यावर अल्म्याचा किनारा निवडला गेला. नियम असा होता की प्रांताने जमीन सर्व हक्कांपासून मोकळी करून केंद्राच्या हाती द्यायची. म्हणजे ज्यांची घरे तिथे होती त्यांना उठवण्याचे काम प्रांताचे. सक्तीचे भूसंपादन झाले. मोबदला दिला गेला, पण विकायचे की नाही हे विचारले गेले नाही. कुटुंबे हलली, घरे पाडली किंवा उचलून नेली, शेतांवर झाडे येऊ दिली. १९५० साली उद्यान रीतसर उघडले तेव्हा त्यात गोल्फचे मैदान होते, स्टॅनली थॉम्पसनने आखलेले, आणि समुद्राचे पाणी तापवून भरलेला पोहण्याचा तलाव. म्हणजे निसर्ग मोकळा ठेवायचा म्हणून घरे गेली आणि त्या मोकळ्या निसर्गात गोल्फ आला. मी गोल्फ खेळत नाही, त्यामुळे मला हे जास्त खुपत असेल.

माझे आजोळ कोयनेच्या शिवसागराखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की आजी किनाऱ्यावर उभी राहून हात लांब करून देवळाची जागा दाखवायची. उद्यानातल्या मॅथ्यूज हेडला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पायवाटेच्या कडेला शेवाळलेले जोते दिसले, आणि रानात जिथे सफरचंदाचे काम नाही तिथे सफरचंदाची झाडे. परसातली. कोणी लावली ते पाटीवर नव्हते. मी आजीसारखा हात लांब करून बघत उभा राहिलो. दाखवायला मात्र कोणी नव्हते.

अल्म्याला फारसा विरोध झाला नाही. गावातल्या बऱ्याच जणांना उद्यानाच्या बांधकामात काम मिळाले, आणि वस्ती आधीच विरळ झाली होती. हाच प्रयोग प्रांताने पुन्हा १९६९ साली पूर्व किनाऱ्यावर केला, कुशिबुगवाक उद्यानासाठी, तेव्हा मात्र तिथे दोनशेहून अधिक कुटुंबे होती, बहुतेक अकेडियन. ज्यांच्या पूर्वजांना १७५५ साली हाकलले त्यांनाच पुन्हा हाकलता, हे त्यांनी उघड बोलून दाखवले. जॅकी व्होतूर नावाचा मच्छीमार हटलाच नाही. घर पाडले तरी परत येऊन तिथेच राहिला आणि २०२१ साली वारला तोही न हटता. त्या लढ्यानंतर कॅनडाने नवीन राष्ट्रीय उद्यानांसाठी माणसे सक्तीने उठवण्याचे धोरण १९७९ साली सोडून दिले. अल्म्याची माणसे तीस वर्षे लवकर उठवली गेली, एवढेच त्यांचे दुर्दैव.

पॉइंट वुल्फला आता गिरणी नाही, छपराचा लाल पूल आहे. लाकडी पुलाला छप्पर घालतात ते प्रवाशांसाठी नव्हे. पावसा-बर्फापासून मुख्य तुळ्या वाचाव्यात म्हणून. उघडा पूल दहा-पंधरा वर्षांत कुजतो, छपराखालचा सहज ऐंशी वर्षे काढतो. हा पूल १९१० सालचा होता. १९९० साली जवळचा खडक सुरुंगाने फोडताना पूलच कोसळला, आणि १९९२ साली पुन्हा तसाच बांधला. लोक फोटो काढतात तो हा दुसरा.

पुलाखालच्या नदीत ओंडके अडवायचे धरण होते, ते ऐंशीच्या दशकात काढले, सॅमन वर जावा म्हणून. हा सॅमन म्हणजे मुंबईच्या हॉटेलात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणून खपवतात तो नव्हे. अंडी घालायला समुद्रातून नदीत चढणारा अटलांटिक सॅमन. आतल्या फंडीच्या नद्यांत कधीकाळी चाळीस हजारांच्या घरात मोठे मासे येत असावेत असा अंदाज आहे. शतकाच्या अखेरीस ते अडीचशेवर आले. धरण काढले आणि तरी मासा परतेना, कारण घोटाळा नदीत कमी आणि समुद्रात जास्त होता. आता नदीतून निघणारी पिल्ले पकडून ग्रँड मनान बेटापाशी समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवतात आणि मोठी झाली की आणून नदीत सोडतात. या नद्यांच्या काठावरची जमीन घ्यायची तर हे ध्यानात ठेवा. ओढ्यालगत झाड तोडायलाही परवानगी लागते.

गावातला चालता धंदा लॉब्स्टरचा. आपली शेवंड त्याची लांबची बहीण, पण तिला नांग्या नसतात. इथल्याच्या नांग्यांना बांगड्यांसारखे रबर चढवतात, नाहीतर बोट जाते. हंगाम ठरलेला: १४ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर, आणि पुन्हा फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसापासून जुलै अखेर. बाकी पर्यटन. जुलै-ऑगस्टमध्ये गाडी लावायला जागा नसते आणि जानेवारीत गावात उघडे दुकान शोधावे लागते.

तर तुमच्या मुलाच्या जमिनीकडे येऊ. ती उद्यानात नसणार. उद्यानातली विकाऊ नसते. कागदावर आठ आकडी पीआयडी क्रमांक असेल, तो आपल्या गट क्रमांकासारखा. तो घालून प्रांताच्या नोंदणी यंत्रणेत जमिनीचा नकाशा आणि आजवरचे दस्त पाहता येतात. पण नकाशावरची रेघ ही मोजणी नव्हे, ती फक्त दिशादर्शक. इथेही लोक ती रेघ फोनवर धरून कुंपण घालतात आणि मग आमच्याकडे येतात. दोन गोष्टी आधी पाहा. एक, रस्ता. स्वस्त तुकड्यांतले बरेचसे चारही बाजूंनी दुसऱ्याच्या रानाने वेढलेले असतात. ‘तिथून सगळे जातात’ हे पुरेसे नाही. वहिवाटीचा हक्क दस्तात लिहिलेला हवा. दुसरी, सांडपाण्याची टाकी बसेल इतकी माती खडकावर आहे का. पठारावर बहुधा नसते. शिवाय नागरिक किंवा कायम रहिवासी नसलेल्यांच्या घरखरेदीवर २०२३ पासून केंद्राची बंदी आहे. ती सगळीकडे आणि सगळ्यांना लागू होत नाही, पण मुलगा अजून वर्क परमिटवर असेल तर स्थानिक वकिलाला आधी विचारून घ्या.

जुने दस्त वाचताना पॅरिशच्या वंशावळीचा उपयोग होतो. १८५५ आधीचा कागद शोधायचा तर हार्वेखाली शोधा, त्याआधी होपवेलखाली. आणि १८४५ च्या आधी काउंटी वेस्टमोरलंड. प्रांताच्या अभिलेखागारात दानपत्रे आणि अर्ज ऑनलाइन फुकट पाहता येतात. १९३१ ची जनगणना २०२३ साली खुली झाली, तिच्यात अल्म्याची उद्यानाआधीची माणसे घरवार सापडतील: नाव, वय, धंदा, घरात रेडिओ आहे की नाही ते. त्यातल्या कितीतरी जागांवर आज स्प्रूस आहे.

आणि जमीन पाहायला जायचे तर एकदा नोव्हेंबरात, पाने झडल्यावर जा. उन्हाळ्यात झाडीमुळे दगडाची रास दोन हातांवर असली तरी दिसत नाही. पीआयडी आणि जुन्या दस्तातला हद्दीचा मजकूर पाठवलात तर त्यातली रेघ कोणत्या सालच्या होकायंत्राने काढली आहे ते पाहून सांगतो.